पंतांची प्रकृती

पंतांनी सलग चार दिवस पोळीला तोंड लावलं नाही, तेव्हा आईने मीठ-मोहऱ्या काढल्या. "नजर लागलीय," ती म्हणाली. पंतांचा मुक्काम आमच्या बाल्कनीतल्या निळ्या टबात. तिथे त्यांच्याकडे बघणारे दोघंच, एक समोरच्या केबलवर बसणारा कावळा आणि दुसरा मी, तोही दात घासताना. त्यातून कासवी आपली पिल्लं नुसत्या नजरेने वाढवते, हे संतांनी शेकडो वर्षं सांगून ठेवलंय. ज्या जातीचं बाळपणच नजरेवर पोसलं जातं तिला नजर लागायची, म्हणजे माशाला पाणी बाधायचं. पण आईने मूठ आवळली की आमच्याकडे युक्तिवाद संपतो. तिने मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या पंतांवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. घरादाराला ठसका लागला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी आपटली. पंत तेवढे शांत.

"बघ, त्यांना काही सुद्धा झालं नाही," आई डोळे पुसत म्हणाली. "उतरली."

कासवाला धड खोकताच येत नाही, हे आम्हाला कळायला पुढे तीन आठवडे लागले.

पंत आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वी आले. चिरंजीव तेव्हा चौथीत होते. परीक्षेत पहिल्या पाचात आलास तर कुत्रा, असं मी बोलून बसलो होतो. तो सहावा आला, त्यामुळे तडजोड म्हणून कासव. ठाण्यात स्टेशनजवळ एक मासेवाला होता. शोभेचे मासे विकणारा. हा खुलासा आईसाठी. त्याच्याकडे पाच रुपयांच्या नाण्याएवढी हिरवीगार कासवं बशीत वळवळत होती. "केवढं वाढतं हो हे?" मी विचारलं. "एवढंच राहतं साहेब. टाकी जेवढी, तेवढं कासव." हा सिद्धांत मला पटला, कारण तो स्वस्त होता. तो खरा असता, तर आयुष्यभर डोंबिवली लोकलने प्रवास केलेली माणसं एव्हाना वीतभर व्हायला हवी होती. तीन वर्षांत आमचं नाणं खाऊच्या ताटलीएवढं झालं, आणि मग परातीकडे वाटचाल सुरू झाली.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. इंग्रजीत रेड-इअर्ड स्लायडर. मादी फूटभर होते आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं जगते. म्हणजे गृहकर्जापेक्षा दहा वर्षं जास्त. हे त्या बशीवर लिहिलेलं नव्हतं. मान लांब करून, सावकाश दोन्ही बाजूंना बघून, कोणाच्याच म्हणण्याशी सहमत नसल्यासारखा चेहरा करण्याची त्यांची पद्धत बघून अण्णांना त्यांच्या हपिसातल्या हेडक्लार्कची आठवण झाली. म्हणून पंत. आणि पंत म्हटल्यावर आपोआप 'ते' आले, 'आले-गेले' आलं, 'जेवले का' आलं. महादेवाच्या देवळात नंदीपुढे जमिनीत कासव असतं, तेव्हा घरात असलं तर बरंच, असं म्हणून आईनेही त्यांना सोडचिठ्ठी दिली नाही. फक्त स्वयंपाकघरात आणायचं नाही, ही अट. ती तिने स्वतःच मोडली, पण ते पुढे.

गेल्या वर्षी चिरंजीव इंजिनीअरिंगला बंगळुरूला गेले आणि पंत राहिले. घेणारे ते, सांभाळणारे आम्ही. हे सगळ्याच घरांत होतं, त्यात तक्रार नाही.

डिसेंबर लागला आणि पंतांचं काहीतरी बिनसलं. पण कासव आजारी आहे हे ओळखायचं कसं? माणूस आजारी पडला की कण्हतो. कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो. मांजर तर आजारी नसतानाही तसा चेहरा करतं. कासव आजारी पडलं की ते जरा जास्त कासव होतं, एवढंच. या सगळ्या सरपटणाऱ्या मंडळींना आपला अशक्तपणा लपवायची जन्मजात सवय, कारण रानात अशक्त दिसलेला पहिला खाल्ला जातो. त्यामुळे कासव 'आज जरा गप्प वाटतंय' असं तुमच्या लक्षात येतं तेव्हा ते बहुधा महिनाभर आधीपासून गप्प असतं. आमच्या ध्यानात आलं ते असं की पंतांचे डोळे सुजून मिटले होते, नाकाशी बुडबुडे येत होते, आणि पोहताना ते एका बाजूला कलत होते. डावी कड पाण्याबाहेर, उजवी आत. अण्णा म्हणाले, "पॅरालिसिस."

इथून पुढे आमच्या घराने जे केलं ते प्रेमापोटी केलं, हे आधीच सांगून ठेवतो. आजारी जिवासमोर हातावर हात ठेवून बसणं आम्हाला जमत नाही. कोणी साधं शिंकलं तरी चार दिशांनी चार वाट्या येतात. फरक इतकाच की आम्ही त्या ढकलून देऊ शकतो.

सुरुवात अण्णांनी केली. वर्षापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याचे थेंब फ्रिजच्या दारात उरले होते. औषध टाकून देणं हे आमच्या अण्णांच्या दृष्टीने अन्न टाकण्याइतकंच पाप. "डोळ्याचं औषध आहे आणि त्यांना डोळ्याचा त्रास आहे," त्यांनी मुद्दा मांडला. मुद्द्यात खोट काढता येईना. मी पंतांना दोन्ही हातांनी धरलं, हिने टॉर्च धरला, अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बाटली तिरकी केली. पंतांनी मान आत घेतली. थेंब कवचाच्या काठावर पडला. आम्ही थांबलो. पंतांनी नाकाचं टोक बाहेर काढलं, अण्णांनी नेम धरला, पंत आत. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिलीय. अण्णा गेली तीस वर्षं रोज गीता वाचतात, पण त्या उपमेचा इतका तपशीलवार अनुभव त्यांना प्रथमच येत होता. पाऊण तासाने बाटली संपली. त्यातले दोन थेंब पंतांच्या डोळ्यांत, एक माझ्या आणि बाकीचे टॉवेलला गेले.

मग आईची पाळी. पंतांच्या पाठीवरचे एकदोन पापुद्रे सुटत होते. काचेसारखे पातळ, आरपार दिसणारे. "अंगावरची साल निघतेय पोराची," असं म्हणून तिने वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात चांगली दीड चमचा हळद कालवली, आणि पंतांच्या पाठीपासून पोटापर्यंत, चारही पायांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी तो लेप असा चोळला की मुंज किंवा लग्न यांपैकी एक नक्की ठरलं असावं. त्या आधी जुनं कवच घासून घेतलं, टूथब्रशने. तो अण्णांचा जुना ब्रश होता असं ती म्हणते. अण्णा म्हणतात, चालू होता. मग पिवळेजर्द पंत टबात सोडले. पाण्यावर तेलाचा तवंग आला, तवंगावर हळदीची नक्षी आली, आणि मधोमध आमचे पंत, एका बाजूला कललेले, एखाद्या संस्थानाच्या बुडत्या नावेसारखे. ते पाणी बदलायला टब उचलून आईने नेला तो थेट स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये. अट मोडली ती अशी.

माझाही एक उपाय होता. तो मी सगळ्यांत शास्त्रीय समजत होतो. कासवाला ऊन लागतं, उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, त्याने कॅल्शियम अंगी लागतं, एवढं मला माहीत होतं. बाल्कनीत वारा गार, म्हणून मी टब हॉलमध्ये आणला, काचेची सरकती खिडकी लावून घेतली आणि तिच्यातून येणाऱ्या कोवळ्या उन्हात पंतांना रोज तासभर ठेवलं. पंत उन्हात, मी पेपर वाचत. किती समाधान होतं त्यात, काय सांगू.

हिने मात्र जिद्दच धरली की पोटात काही गेल्याशिवाय माणूस कसा उभा राहील. (माणूस, असंच म्हणाली.) पंतांना टबाबाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवायचं, तोंडासमोर गाजराचा कीस, पोळीचा कुस्करा, मऊ भात. पंत बघायचे नाहीत, कारण डोळे बंद. मग बिनसुईची सिरिंज आली, तिच्यात पेज भरली गेली, आणि चमच्याच्या दांड्याने तोंड उघडायचा एक प्रयोग झाला, ज्यात हिच्या अंगठ्याला टाके पडता पडता राहिले. कासवाला दात नसतात, हे खरं आहे. पण पोपटासारखी धारदार चोच असते, हेही तितकंच खरं आहे. शेवटी कॉड लिव्हरची एक गोळी टोचून तिचं तेल तोंडात पिळलं. पंतांनी पहिल्यांदाच प्रतिक्रिया दिली. नाकातून एक मोठा बुडबुडा काढला.

तळमजल्यावरच्या केमिस्टकाकांनी हिशेब सोपा केला. "मोठ्या माणसाला एक, पोराला अर्धी, कासवाला पाव." पाव गोळी कसली, हे त्यांनी पुडीवर लिहिलं नव्हतं. मी उगाच पेन घेऊन बसलो. सत्तर किलोच्या माणसाला एक. पंत साखरेच्या ताणकाट्यावर सव्वा किलो भरले. म्हणजे गोळीचे छप्पन्न तुकडे करून एक द्यायचा. पाव म्हणजे चौदा पंतांचा डोस एका पंतांना. ती पुडी मी मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवली. आमच्या घरात मी केलेली एवढी एकच गोष्ट बरोबर निघाली, आणि ती म्हणजे न केलेली गोष्ट.

बंगळुरूहून चिरंजीव व्हिडिओ कॉलवर रोज ओरडत होते. "बाबा, पाण्याचं टेम्परेचर किती आहे? आधी टेम्परेचर बघा!" म्हणून अण्णांनी तापाचा डिजिटल थर्मामीटर टबात बुडवला. तो थोडा वेळ विचार करून 'लो' एवढंच म्हणाला. "ताप नाही," अण्णांनी फोनवर सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. चिरंजीवांचं बरोबर होतं, हे लिहिताना बापाचा हात जड होतो, पण होतं.

आम्ही एकटेच असे, असं कोणी समजू नये. हिच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या पुतण्याने पुण्यात इग्वाना पाळला होता. त्याचा जबडा मऊ पडला, पाय वाकले. घरच्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या कुटून पनीरमध्ये घालून चारल्या. इग्वाना शाकाहारी, पण पाल्याचा, पनीर-मखनीचा नव्हे. शिवाय अंगावर अतिनील किरण पडल्याशिवाय ते कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतच नाही. त्याचा एक पाय मोडला तेव्हा घरच्याच काकांनी आइस्क्रीमच्या काड्या लावून बांधला. तो असा करकचून बांधला होता की पुढे डॉक्टरला पाय वाचवता आला नाही. आणि आपण तरी काय नवीन करतो? नागपंचमीला टोपलीतल्या नागाला वर्षानुवर्षं दूध पाजत आलोच की. साप दूध पिणारा नाही, ते त्याला पचत नाही. तहानलेला ठेवलेला साप जे समोर येईल ते ओढतो आणि ते फुप्फुसात जातं. वर फण्यावर हळद-कुंकू. सरपटणाऱ्यांचे घरगुती उपचार ही आपली जुनी परंपरा आहे; आई त्या परंपरेत बसते, मी नुसता शेजारी बसलो होतो.

आणि मग ती सकाळ आली. पंत टबाच्या तळाशी होते, मान बाहेर, पाय सैल, हलवलं तरी काही नाही. अण्णांनी पुढच्या पायाची नाडी शोधली. मग मागच्या पायाची. मग चष्मा काढून पुसला. आईने न बोलता तुळशीचं पान आणलं आणि गंगाजलाचा गडू. त्या गडूचं सील गेल्या चौदा वर्षांत कोणासाठी फोडलं नव्हतं. पंतांच्या मिटल्या चोचीवर तिने पान ठेवलं आणि दोन थेंब सोडले. हिने चिरंजीवांना फोन लावावा की परीक्षा होऊ द्यावी, यावर आम्ही हलक्या आवाजात बोललो. सेक्रेटरींची परवानगी काढून मी सोसायटीच्या मागच्या आंब्याखाली खुरप्याने खड्डा केला. तळमजल्याच्या काकू तेवढ्यात येऊन म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा आधीच तलावपाळीला सोडून द्यायचं होतं, पुण्य लागलं असतं." मी पंतांना टॉवेलसकट खड्ड्याशेजारी उन्हात ठेवलं, खड्डा थोडा लहान वाटत होता म्हणून परत खणायला लागलो. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मागे वळलो तर तुळशीचं पान टॉवेलवर पडलेलं, आणि पंतांचा मागचा डावा पाय हवेत, फार हळू, सायकलचं पॅडल मारल्यासारखा हलत होता.

काकू ओरडल्या. मी खुरपं टाकलं.

आमच्या गल्लीत एक प्राण्यांचे डॉक्टर आहेत. त्यांनी टॉवेल उघडला, बंद केला आणि सांगितलं, "मी कुत्री-मांजरं बघतो. याचं मला कळत नाही. उगाच काही टोचणार नाही." त्या महिन्यात पंतांच्या बाबतीत शहाणपणाचं बोललेला हा पहिला माणूस. अण्णा लालबागचे, त्यांच्या लेखी जनावर आजारी पडलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं, त्यामुळे अण्णांना त्यावर भरवसा. पण चिरंजीवांनी फोनवरून एक पत्ता शोधून दिला: उपनगरात, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर. पंतांना पाणी न घालता, कोरड्या टॉवेलमध्ये, भोकं पाडलेल्या डब्यात घालून आम्ही चौघं लोकलने निघालो. मुलुंडला चढलेल्या एका गृहस्थांनी डब्यात डोकावून पाहिलं, हात जोडले आणि पाच रुपयांचं नाणं आत टाकलं. सोमवार होता. नऊ वर्षांपूर्वीचे पंत नेमके एवढेच होते.

डॉक्टरांनी पहिल्यांदा डोळ्यामागचा लाल पट्टा पाहिला. "देशी नाही ना? बरं झालं." १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आपली देशी कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे. स्टार कासव भरभराट आणतं म्हणून लोक चोरून पाळतात, आणि ते आजारी पडलं की पकडले जाऊ म्हणून डॉक्टरकडे नेत नाहीत. "त्यांचे सगळे उपचार घरीच होतात," डॉक्टर म्हणाले, आणि ड्रॉवरमधून कागद काढला. "तुम्ही काय काय दिलंत?"

खोलीत शांतता पसरली. चार प्रौढ माणसं छताकडे बघत होती.

"काही नाही, असंच," आई म्हणाली.

"असंच म्हणजे?"

मग एकेक कबुली निघाली. अण्णांनी थेंबांच्या बाटलीचं खोकं खिशातून काढून दिलं, ते त्यांनी जपून ठेवलं होतं. डॉक्टरांनी नाव वाचलं. त्यात स्टिरॉइड होतं, जे आधीच जंतुसंसर्ग झालेल्या जिवाची उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबतं. डोळ्यांचा त्रास मुळात डोळ्यांचा नव्हताच. नऊ वर्षं पोळी-भात खाल्ल्याने अ जीवनसत्त्वाची कमतरता, त्याने पापण्या सुजतात. "म्हणजे माझी कॉड लिव्हर बरोबर," ही पुढे सरसावली. कासवाची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, डॉक्टर म्हणाले; वरून तेल पिळलं की ते सरळ फुप्फुसात. ही मागे सरकली. पाण्यातल्या कासवाला पाण्याबाहेर गिळताच येत नाही, तेव्हा वर्तमानपत्रावरचा तो सगळा भात फुकट. आणि गिळला असता तरी विसाच्या खालच्या तापमानात पोट चालत नाही. अन्न आत तसंच पडून सडतं. हळदीचं तेल ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. कवच म्हणजे टोपी नव्हे. ती बरगड्या आणि कणा मिळून झालेली जिवंत हाडं आहेत, त्यांना संवेदना आहे. वरचे पापुद्रे सुटणं ही या जातीची नेहमीची रीत. त्यावर तेल थापलं की धूळ आणि जंतू खाली अडकतात.

"आणि कोवळं ऊन," मी शेवटचा आशेचा किरण म्हणून सांगितलं, "रोज एक तास. काचेतून."

"काचेतून," डॉक्टर म्हणाले. साधी काच नेमके तेच अतिनील किरण अडवते ज्यांच्यासाठी ऊन द्यायचं असतं. मी महिनाभर पंतांना फक्त उजेड दाखवला होता. तो त्यांना डोळे मिटलेले असल्यामुळे दिसलाही नव्हता.

ड्रॉवरमधल्या पुडीबद्दल मी बोललो नाही. पण डॉक्टरांनीच विषय काढला: एका घरी शेवटचा उपाय म्हणून कुत्र्याच्या गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन कासवाला दिलं होतं. कुत्र्याला चालणारं हे औषध कासवाला मारतं. थोडं नव्हे, मारतंच. मग त्यांनी विचारलं, "हात कशाने धुता?" आईने सिंककडे, म्हणजे तो जिथे असता तिथे, पाहिलं. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असतो. अमेरिकेत लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालायची आणि आजारी पडायची, म्हणून १९७५ पासून तिथे चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. गेल्या पंधरवड्यात अण्णांचं पोट तीन दिवस बिघडलं होतं. दोष स्टेशनबाहेरच्या मिसळीला गेला होता. अण्णांनी आईकडे पाहिलं. टूथब्रश हा शब्द कोणीच उच्चारला नाही.

पंतांना निमोनिया झाला होता. त्यांची फुप्फुसं पाठीच्या ढालीखाली असतात. एका बाजूचं भरलं की कासव पाण्यात कलतं. खोकून बाहेर टाकायची सोय नाही, कारण छाती आणि पोट यांमधला पडदाच नाही. आणि ती सकाळ? थंडीने जड झालेलं कासव मेल्यासारखंच दिसतं. डॉक्टरसुद्धा घाईने काही जाहीर करत नाहीत, आधी ऊब देतात. मी पंतांना उन्हात ठेवून खड्डा मोठा करत बसलो, हाच त्या महिन्यातला एकमेव खरा उपचार.

एक्स-रे लावला. पाठीच्या चौकटीत एका बाजूला धूसर सावली होती. आणि खाली, पोटाशी, सात-आठ लंबगोल, एकमेकांना चिकटलेले, अगदी ठळक.

"खडे?" अण्णांनी विचारलं.

"अंडी," डॉक्टर म्हणाले. पुढची नखं आखूड, शेपटी बारीक. नराची नखं लांब असतात. "पंत मादी आहेत."

नराशिवायही अंडी होतात, ती फळत नाहीत इतकंच. पण घालायला माती-वाळू मिळाली नाही तर मादी ती आत धरून ठेवते आणि त्याने जिवावर बेततं. टाइल्सच्या बाल्कनीत पंत कुठे घालणार होत्या? आईने एक्स-रेकडे बघितलं, मग पंतांकडे, आणि पदर सारखा केला. हळद आपण लावली होती, हे तिला त्या क्षणी आठवलं असावं. तिच्या चेहऱ्यावर अपराधापेक्षा बरोबर मुहूर्त साधल्याचं समाधान जास्त होतं.

पुढचे दिवस फारसे सांगण्यासारखे नाहीत. दर तिसऱ्या दिवशी लोकल, दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन. तेही पुढच्या पायात, कारण मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. घरी हीटर आला, बसायला कोरडी वीट आली, वर अतिनील दिवा आला, ज्याची किंमत मी चिरंजीवांना सांगितली आणि त्यांनी ती माझ्या वाढदिवसाच्या भेटीत धरली. पोळी बंद, पालेभाज्या, गोळी-खाद्य आणि अधूनमधून सोडे, जे आई नाकाला पदर लावून बाल्कनीच्या दाराबाहेरून टाकते. तलावपाळीचा विषय डॉक्टरांनी एका वाक्यात संपवला: ही परदेशी कासवं तलावात सोडली की तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात. काकूंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या भाच्याच्या कासवाचं काय करायचं? त्याला सर्दी झालीय, मी त्याला निलगिरीचा वाफारा..." मी पत्ता लिहून दिला आणि लोकलची वेळसुद्धा.

अकराव्या दिवशी पंत सरळ पोहल्या. आईने फोनवर मावशीला सांगितलं की हळद लागू पडली. अण्णांनी शेजारच्या खोलीतून सांगितलं की डोळे थेंबांनी उघडले.

काल मी वाळूचं घमेलं आणलं. बिल्डिंगच्या कामावरून नव्हे, धुतलेली, चाळलेली, विकतची. टबाला उतार करून ते शेजारी लावलं. पंत वर आल्या, मागच्या पायांनी वाळू उकरून बघितली, नापसंतीने मान लांब केली आणि परत पाण्यात गेल्या. आई दारात उभी होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याजवळ येऊन, आतल्या खोलीत अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "उद्या इंजेक्शनला जाशील तेव्हा एवढं विचारून ये त्यांना. मी काही देत नाहीये हं, नुसतं विचार. डिंकाचा लाडू चालेल का, अगदी सुपारीएवढा."